मिनिटाला एकशे अठरा शब्द

बोरीवली (पूर्व)
१८ नोव्हेंबर १९८६

शिवदासा,

नमस्कार. तू मुलुंडला, मी बोरीवलीला. एकाच मुंबईत राहून आपण एकमेकांना पत्रं लिहितो म्हणून आमच्या शाळेचा शिपाई हसतो. पण अध्यापक विद्यालयात दोन वर्षं एका खोलीत राहून जे भांडण सुरू केलं ते अजून मिटलेलं नाही, आणि भांडायला तुझ्याकडे यायचं तर अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा आंतरदेशीय पत्र बरं. उत्तर यायला चार दिवस लागतात. तेवढे दिवस मीच जिंकलेलो असतो.

तर बातमी अशी, की वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पोट सुटल्यावर आणि केस गेल्यावर, मी यशस्वी होण्याच्या बेतात आहे. येत्या २८ तारखेला आमच्या विभागातल्या शाळांची प्रकट वाचनाची स्पर्धा आहे. गेली सहा वर्षं आमची शाळा त्यात शेवटून दुसरी येते. शेवटचा नंबर ज्या शाळेचा येतो, तिच्याकडून दरवेळी एकच मुलगा येतो आणि तोही तोतरा आहे. यंदा मात्र मी ड्रिलमास्तरांचं स्टॉपवॉच मागून घेतलं. चौथीच्या एकेका मुलाला उभं करायचं, बटण दाबायचं, मिनिटाला किती शब्द झाले ते फळ्यावर लिहायचं. अडखळलं की एक मार्क कमी, थांबलं की दोन कमी. हेडमास्तर दारातून बघून म्हणाले, "साटम, हा वर्ग आहे की रेसकोर्स?" मी ते कौतुक समजलो.

आणि मला हिरा सापडलाय. शेवंती. नॅशनल पार्कच्या कडेला डोंगरावर जी वस्ती आहे तिथली. आई सुंदराबाई दोन सोसायट्यांत धुणीभांडी करते, अक्षरओळख नाही. बाप नाही. ही पोरगी मिनिटाला एकशे अठरा शब्द वाचते, चूक शून्य! काहीही द्या, वाचते. परवा सुंदराबाई शाळेत आली, हातात सरकारी नोटीस. मी म्हटलं, वा, ही तर खरी कसोटी. शेवंतीला उभी केली, घड्याळ लावलं. त्यातलं एक वाक्य तुझ्यासाठी मुद्दाम उतरवून काढलंय, बघ:

‘नियोजित रस्त्याने बाधित होणाऱ्या झोपडीधारकांनी आपल्या वास्तव्याचे मूळ पुरावे दिनांक ५ डिसेंबर १९८६ पर्यंत निम्नस्वाक्षरीकारांच्या कार्यालयात समक्ष सादर न केल्यास त्यांचा पर्यायी जागेचा हक्क संपुष्टात आल्याचे गृहीत धरण्यात येईल.’

एका दमात, शिवदास! ‘निम्नस्वाक्षरीकारांच्या’ म्हणताना तुझी माझी जीभ वळणार नाही, ती पोरगी सरळ निघून गेली. सुंदराबाई घाबरत घाबरत म्हणाली, "गुरुजी, ठीक आहे ना सगळं?" म्हटलं, "ठीक काय म्हणता? एक नंबर!" बाई इतकी खूश झाली की माझ्या पाया पडायला लागली. असे प्रसंग आपल्या धंद्यात क्वचित येतात.

लालबागच्या चाळीत लहानपणी सगळ्या गिरणीवाल्यांची गावची पत्रं मीच मोठ्याने वाचून दाखवायचो, हे तुला शंभरदा सांगितलंय, एकशे एकाव्यांदा सांगतो. वाचन म्हणजे आवाज. तुझी पत्रंही मी घरी जेवणाआधी खड्या आवाजात वाचतो. जानकी म्हणते, शेजारच्या गुजराती बाईलासुद्धा आता मुलुंडची खबर असते.

लताला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा
गुणाजी


मुलुंड
२४ नोव्हेंबर १९८६

गुणाजी, जय भीम.

तू जिंकलेला होतास ते दिवस आज संपले.

तू माणसं घडवत नाहीस, पोपट घडवतोयस, हे मी वीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. माझ्या वर्गात मूकवाचन. ओठ बंद, नजर पुस्तकात. मग मी प्रश्न विचारतो. वर्ग इतका शांत असतो की मागच्या महिन्यात तपासणीला आलेले साहेब बाहेरून बघून, सुट्टी आहे समजून, चहाला गेले.

आता कामाचं बोलतो. तू उतरवलेलं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याचा अर्थ असा, की शेवंतीच्या झोपडीवरून रस्ता जाणार आहे. सुंदराबाईंनी पाच डिसेंबरच्या आत रेशनकार्ड वगैरे कागद घेऊन स्वतः त्या कार्यालयात जायचं. गेल्या नाहीत तर झोपडीही जाईल आणि बदल्यात जागाही मिळणार नाही. त्यांनी तुला ‘ठीक आहे ना’ म्हणून विचारलं ते मुलीच्या वाचनाबद्दल नव्हतं रे. त्यांना सांग. पत्र मिळेल त्याच दिवशी सांग.

बाकी स्टॉपवॉचबद्दल माझं मत असं, की ते ड्रिलमास्तरांना परत द्यावं आणि त्यांच्याबरोबर तूही मैदानाला दोन फेऱ्या माराव्यास. तुझ्या पोटाचं तू स्वतःच लिहिलं आहेस म्हणून बोललो.

शिवदास


बोरीवली (पूर्व)
२९ नोव्हेंबर १९८६

शिवदासा,

पेढे पोस्टाने पाठवता येत नाहीत म्हणून नुसती बातमी पाठवतो. पहिला नंबर! सतरा शाळांत पहिला! परीक्षकांनी शेवंतीला विचारलं, तुला कोणी शिकवलं, आणि पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळं सभागृह मागे वळलं. मी नेमका तेव्हा वडा खात होतो. पण असू दे.

तुझं पत्र बुधवारी आलं. घरी दोनदा मोठ्याने वाचलं. एकदा रिवाज म्हणून आणि एकदा रागाने. पोटापर्यंत जायची काही गरज नव्हती. मी तुझ्या टकलाबद्दल कधी चकार शब्द काढला आहे का? आणि तुझ्या त्या मुक्या वर्गाबद्दल एकच विचारतो. ओठ बंद ठेवून बसलेलं पोर वाचतंय की झोपलंय, हे तुला कळतं कसं?

वाचताना जानकी मध्येच म्हणाली, "अवो, ता नोटिशीचा काय म्हणतत भावजी?" मी म्हटलं, बाई गं, मध्ये बोलू नकोस, लय बिघडते. तर ती म्हणते, "वाचलास खरा, पण कळला काय तुमका?" बघ, तुझी मतं आता माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली. पुढल्या वेळी तुझं पत्र मी गच्चीवर जाऊन वाचणार.

शेवंतीला ढालीबरोबर एक कंपासपेटी मिळाली. ढाल हेडमास्तरांच्या कपाटात गेली. कंपासपेटी तिने उशाखाली ठेवली आहे म्हणे.

विजयी
गुणाजी


तार
मुलुंड, २ डिसेंबर १९८६

गुणाजी साटम शिक्षक बोरीवली पूर्व

नोटीस मनात वाच. पाच तारीख शेवटची. सुंदराबाईचं घर जाईल. शिवदास


बोरीवली (पूर्व)
७ डिसेंबर १९८६, रविवार

शिवदासा,

काल तू दादरला गेला असशील, म्हणून आज लिहितोय. सावकाश आणि ओठ बंद ठेवून वाच. लिहितानाही मी बंदच ठेवलेत.

तार बुधवारी तिसऱ्या तासाला आली. तार म्हटल्यावर शिक्षकखोलीत सगळे उठून जवळ आले. विमलाबाईंनी मला खुर्ची दिली, कोणीतरी पाणी आणलं. आणि मी काय केलं असेल? उभा राहिलो, घसा साफ केला आणि खड्या आवाजात वाचलं, "नोटीस मनात वाच." विमलाबाई हळूच म्हणाल्या, "गुरुजी, मनात."

मग खिशातून तुझं पत्र काढलं आणि पहिल्यांदा गप्प राहून वाचलं. शिवदास, ते सगळं तू साध्या मराठीत लिहिलं होतंस. झोपडी जाईल, जागा मिळणार नाही, त्याच दिवशी सांग. ती वाक्यं माझ्याच तोंडून दोनदा, उत्तम उच्चारांसह, बाहेर पडली होती. जानकीने एकदाच ऐकली आणि तिला कळली. माझ्या कानांपर्यंत मात्र पोचली नाहीत, कारण मी पुढच्या ओळीत स्वतःच्या पोटाशी पोचलो होतो.

शाळा सोडून तसाच डोंगर चढलो. सुंदराबाई कामावरून नुकतीच आली होती. सांगितलं तर बाई मटकन खालीच बसली. म्हणाली, "पण तुम्हीच म्हणालात ना गुरुजी, एक नंबर?" शेजारच्या बाया जमल्या. आणि तेव्हा कळलं की नोटीस एकट्या सुंदराबाईला नव्हतीच. त्या ओळीत अकरा घरं आहेत. अकराही घरांना आली होती, आणि अकराही घरी ती शेवंतीनेच वाचून दाखवली होती. सगळ्यांनी कौतुक केलं. वर सुंदराबाईने सांगून टाकलं होतं की गुरुजींनी पाहिलीय, घाबरायचं कारण नाही. एकटी पोरगी चुकली असती तर एखाद्याला शंका तरी आली असती. तिच्यामागे मी उभा होतो, त्यामुळे सगळे निवांत.

गुरुवारी रजा टाकली. ट्रंका उपसल्या, रेशनकार्डं, जुन्या पावत्या, मतदारयादीतलं नाव. एकीचं रेशनकार्ड तांदळाच्या डब्यात निघालं. शुक्रवारी, पाच तारखेला, सकाळी सातला आम्ही मालाडच्या कार्यालयाबाहेर. पुढे मी, मागे दहा बाया आणि चार पोरं. लोकांना वाटलं मोर्चा आहे. साहेब भला माणूस. दुपारी तीनपर्यंत दहा पोचपावत्या हातात पडल्या. सुंदराबाईने तिची पदरात बांधली, सोडून पाहिली, पुन्हा बांधली.

दहाच. अकरावं घर द्रौपदीबाईंचं. साठी उलटलेली बाई, एकटी राहते, फुलांच्या वेण्या विकते. नोटीस ऐकून ‘छान वाचलंस गं बाय’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी बार्शीकडे आपल्या गावी निघून गेली. नातीचं लग्न होतं. दाराला कुलूप. कागद ती जवळच्या पिशवीत घेऊन फिरते, म्हणजे तेही गावाला. साहेब म्हणाले, उशिराचं कारण लेखी द्या, पण बाई वीस तारखेच्या आत मूळ कागदांसह समक्ष आली पाहिजे. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.

आता जे लिहितोय ते जानकीला वाचून दाखवलेलं नाही. रांगेत उभे असताना मी शेवंतीला विचारलं, "इतकं स्वच्छ वाचलंस, मग पाच तारीख म्हणजे काय ते तुला कळलं नाही का गं?"

ती म्हणाली, "तारीख आली तेव्हा मला वाटलं होतं, थांबून तुम्हाला विचारावं. पण थांबलं की दोन मार्क जातात ना, गुरुजी."

अजिबात तक्रारीच्या सुरात नाही. मला नियम आठवत नसावा म्हणून आठवण करून दिली तिने. मला तिथे रांगेतच रडू आलं. डोळ्यांत कचरा गेला म्हणालो. पोरगी आईच्या पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

द्रौपदीबाईंना कसं बोलावू? तार करू का? की सविस्तर पत्र लिहू? माझी भाषा तुला माहीत आहे, चांगलं चार पानी लिहू शकतो. लगेच कळव.

गुणाजी


मुलुंड
११ डिसेंबर १९८६

गुणाजी, जय भीम.

तार करू नकोस. तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजून म्हातारी रडत बसेल आणि मजकूर विचारायचं राहून जाईल. तू तर मुळीच लिहू नकोस. तुझ्या चार पानांत वीस तारीख तिसऱ्या पानावर येईल. शेवंतीला लिहू दे. साधं पोस्टकार्ड. ज्या पोरीला एकदा न कळल्याचा चटका बसलाय, तिला कळेल असं कसं लिहायचं ते आपल्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक असणार.

तुझं पत्र वाचून मी हसेन असं तुला वाटलं असेल. खरं म्हणजे हसायचा बेत होताही. पण तू विचारलं होतंस, ओठ बंद ठेवलेलं पोर वाचतंय की झोपलंय हे कळतं कसं. ते डोक्यातून जाईना. सोमवारी रुक्मिणी नावाच्या मुलीला जवळ बोलावलं. दोन वर्षं माझ्या वर्गात आहे. पुस्तकात डोकं घालून बसते, वर बघत नाही. मी तिला विचारी मुलगी समजत होतो. बायकोला सांगितलंही होतं, ही पोरगी पुढे नाव काढणार.

म्हटलं, हा धडा मला मोठ्याने वाचून दाखव. गुणाजी, तिला वाचताच येत नाही. एकेक अक्षर उचलते, दुसऱ्याला जोडते, घाम येतो तिला. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अर्थ कुठून लागणार? सगळी ताकद अक्षरं ओढण्यातच जाते. मग तोच धडा मी तिला वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर! एक उत्तर तर माझ्या मनातल्या उत्तरापेक्षा चांगलं. म्हणजे डोकं लख्ख आहे. दोन वर्षं ती पोरगी माझ्या शांत वर्गात घाबरून पानं उलटत होती, आणि मी शांततेचं कौतुक सांगत फिरत होतो. मी तिला एकदाही मोठ्याने वाचायला लावलं नाही. का, तर ती तुझी पद्धत होती.

आता रोज मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर वाचते. तेच पान तीन तीनदा. काल एक अख्खं वाक्य सलग आलं. आलं त्यासरशी ती स्वतःच हसली, कारण वाक्य विनोदी होतं. त्याआधी दोनदा तेच वाचून तिला हसू आलं नव्हतं.

तेव्हा वीस वर्षांचं भांडण आपण दोघेही हरलो. स्टॉपवॉच ड्रिलमास्तरांना परत दे. मैदानाच्या फेऱ्या मीही मारतो.

पोस्टकार्ड आजच्या आज टाक.

शिवदास


बोरीवली (पूर्व)
२१ डिसेंबर १९८६

शिवदासा,

तुझं पत्र तेराला दुपारी मिळालं. तू नको म्हणाला होतास तरी मी मसुदा केलाच. ‘आदरणीय द्रौपदीबाई यांचे सेवेशी, आपल्या कुशलतेची मनोमन कामना करीत’ इथपर्यंत आलो, तेवढ्यात जानकीने कागद ओढून त्यात नारळाची करवंटी गुंडाळली. मग शेवंतीला घरी बोलावलं. एका पोस्टकार्डाला तिने दीड तास घेतला. दर वाक्याला थांबायची, माझ्याकडे बघायची, मी नुसती मान हलवायचो. मध्येच तिने विचारलं, "समक्ष म्हणजे स्वतः ना?" म्हटलं, हो. "मग स्वतःच लिहिते."

पेटीत टाकण्याआधी नक्कल ठेवली, ती देतो:

‘द्रौपदी आजी, इकडे सगळे बरे आहेत. कोणी आजारी नाही. मी तुम्हाला नोटीस वाचून दाखवली होती. तेव्हा ती मलाच कळली नव्हती. आता कळली आहे. आपली सगळ्यांची घरं रस्त्यात जाणार आहेत. दुसरी जागा मिळणार आहे. पण त्यासाठी तुम्ही स्वतः यायला पाहिजे. २० तारखेच्या आत या. कागदांची पिशवी आणा. नाही आलात तर जागा मिळणार नाही. हे पत्र जो वाचतोय त्याला मध्ये मध्ये थांबवा आणि विचारा, म्हणजे काय. त्याला सांगता आलं नाही तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. शेवंती.’

सोळा तारीख गेली, सतरा गेली. मी रोज शाळा सुटली की डोंगर चढून त्या कुलपाकडे बघून यायचो. वस्तीतल्या बाया रागवायचं सोडून पाणी द्यायच्या. ते जास्त लागायचं. मुलांना मात्र आता थांबायला परवानगी आहे, आणि ती इतकी थांबतात की मराठीचा धडा गणिताच्या तासात जातो. हेडमास्तर म्हणाले, साटम, रेसकोर्स बरं होतं.

अठराला, गुरुवारी, चढण संपायच्या आतच दिसलं. दार उघडं. द्रौपदीबाई उंबऱ्यावर बसून गावाहून आणलेल्या ज्वारीतले खडे वेचत होत्या. शेवंती समोर. शुक्रवारी आम्ही तिघं मालाडला गेलो. अकरावी पोचपावती मिळाली. आता तू मला काहीही म्हण, मी रागावणार नाही.

येताना बाईंना विचारलं, पत्र कोणी वाचलं हो? म्हणाल्या, नातू, तिसरीत आहे. "लई अडखळतंय ते. एक वळ वाचायला दम लागतोय त्याला. पन मी बी सोडलं न्हाई. दर खेपंला इचारलं, म्हंजी काय रं? त्याला येईना तवा परत वाचायचं. सांजंपतुर बसलो दोघं. समजलं तशी सकाळी गाडी धरली."

मग शेवंतीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुजं वाचनं लई ग्वाड हाय बाय. ऐकत ऱ्हावं वाटतं. पन त्याचं मला कळलं."

शेवंतीने मान खाली घातली. म्हातारीने मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने विचारलं, "हिचं मास्तर तुमीच न्हवं?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायची फार इच्छा झाली होती.

तुझा
गुणाजी